दोरी ओढण्यापूर्वी : पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जनित्राची पूर्वतयारी

प्राथमिक शाळेत वीज ही आता केवळ सोय राहिलेली नाही. वर्गातील दिवे व पंखे, संगणक, दूरदर्शन संच, ध्वनिक्षेपक, पाण्याचा पंप अशा अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. वीज गेली म्हणजे यांतील बहुतेक कामे थांबतात. मग स्नेहसंमेलन असो, पालकसभा असो किंवा निवडणुकीसाठी शाळेत उघडलेले मतदान केंद्र असो, कोठून तरी एखादे लहान जनित्र, म्हणजे ज्याला आपण बोलीत ‘जनरेटर’ म्हणतो ते, आणले जाते. दोन माणसांनी उचलून नेण्याजोगे हे यंत्र पेट्रोलवर चालते. दोरीला एक झटका दिला की ते सुरू होते आणि अंधारात उजेड पडतो.

यंत्र सुरू करणे इतके सोपे असल्यामुळेच त्याच्या पूर्वतयारीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक दोरी ओढणे हे या कामातील शेवटचे पाऊल होय. यंत्र कोठे ठेवले, त्यात काय व कसे भरले, त्याची तार कोठे जोडली आणि त्यावर किती भार टाकला, या चार प्रश्नांची उत्तरे दोरी ओढण्यापूर्वीच द्यावी लागतात. जनित्रामुळे होणारे बहुतेक गंभीर अपघात यंत्र बिघडल्यामुळे होत नाहीत. यंत्र उत्तम चालू असतानाच ते होतात, ही गोष्ट शिक्षकांनी प्रथम ध्यानात घ्यावी.

शेजारच्या जिल्ह्यातील एक घटना

या विधानाचा दाखला दूर शोधावयास नको. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूर शहरालगतच्या दुर्गापूर येथे रात्री वीज गेली, म्हणून एका कुटुंबाने घरातच जनित्र चालू ठेवले आणि सर्व मंडळी झोपी गेली. जनित्राचा धूर घरात कोंडला. एकाच कुटुंबातील सहा जण त्यात मृत्युमुखी पडले, आणि त्यांत लहान मुलेही होती. ज्या दुर्गापूरच्या शेजारी राज्यातील एक मोठे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे, तेथे घडलेली ही घटना आहे. जनित्राने आपले काम चोख केले होते. चूक होती ती केवळ जागेची.

झरी जामणी तालुक्यातील परिस्थिती डोळ्यांपुढे आणली म्हणजे या घटनेचे महत्त्व अधिकच पटेल. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागातील हा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन अशी मोठी गावे सोडली तर वस्ती विखुरलेली आहे. गोंड बांधवांची खेडी आणि कोलाम बांधवांचे पोड शेतांतून व रानांतून वसलेले आहेत. अशा भागात वादळाने तार तुटली तर दुरुस्तीला वेळ लागणे स्वाभाविक आहे. म्हणून जनित्राचा उपयोग होणार, हे गृहीत धरूनच त्याचे ज्ञान शिक्षकाने करून घेतले पाहिजे. गावात शिक्षकाचा शब्द मानला जातो, त्यामुळे त्याची सावधगिरी शाळेबरोबर अनेक घरांच्याही उपयोगी पडेल.

यंत्राची रचना

जनित्राचे दोन भाग असतात. पहिला भाग इंजिनाचा. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्बोरेटरमधून सिलिंडरात जाते, प्लगच्या ठिणगीने पेटते आणि त्या दाबाने दट्ट्या ढकलला जाऊन आस फिरू लागतो. दुसरा भाग विद्युत्‌निर्मितीचा. तांब्याच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविला असता तारेत वीजप्रवाह निर्माण होतो, हा शोध मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये लावला. त्याच तत्त्वावर हा भाग चालतो. आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने या जातीच्या साध्या जनित्राचे इंजिन मिनिटास सुमारे ३,००० फेरे घेईल, अशी योजना केलेली असते. हा वेग ठरविणारा स्क्रू स्वतः फिरवू नये. वेग बदलला की विजेचा दाबही बदलतो आणि जोडलेली उपकरणे जळण्याची भीती असते.

मुलांना हे समजावून देण्यास सायकलचा डायनॅमो उत्तम होय. दिवा जोडलेला नसताना चाक हलके फिरते. दिवा जोडताच ते किंचित जड लागते. वीज फुकट निर्माण होत नाही, दिव्याने मागितलेली शक्ती पायांना द्यावी लागते, हे मुलाच्या लगेच लक्षात येते. जनित्रात हीच शक्ती पेट्रोलाच्या ज्वलनातून येते आणि जेथे ज्वलन आहे तेथे धूर असणारच.

पहिला प्रश्न : यंत्र कोठे ठेवावे ?

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळ्यांना वा घशाला तो झोंबतही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचविते. परंतु कार्बन मोनॉक्साइड या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. परिणामी श्वासोच्छ्‌वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, हातापायांतील शक्ती जाते. पुढे माणूस बेशुद्ध होतो. झोपलेल्या माणसाला तर ही पहिली लक्षणे जाणवण्याची संधीच मिळत नाही.

यावरून पुढील नियम निघतात.

(१) जनित्र नेहमी उघड्यावर ठेवावे. वर्गखोली, कोठी, स्वयंपाकाची खोली, पडवी, व्हरांडा, जिन्याखालची जागा यांपैकी कोठेही ते चालवू नये. खिडक्या-दारे उघडी आहेत किंवा पंखा चालू आहे, एवढ्याने खोली सुरक्षित होत नाही.

(२) इमारतीच्या दारा-खिडक्यांपासून ते निदान २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर, दूर असावे. धुराच्या नळीचे तोंड इमारतीकडे, मंडपाकडे वा मुले बसतात त्या बाजूस नसावे. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून जागा निवडावी आणि वारा फिरला तर यंत्र बंद करून जागा बदलावी.

(३) जागा सपाट व कोरडी असावी. यंत्र तिरपे राहिल्यास तेल एका बाजूस जाऊन इंजिनाला वंगण मिळत नाही. सभोवती वाळलेले गवत, कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, कडबा, कागद अथवा मंडपाचे कापड असू नये. चालू यंत्राची धूरनळी अतिशय तापते.

(४) पाऊस पडत असता उघडे यंत्र चालवू नये. पाऊस आला म्हणून चालू यंत्र व्हरांड्यात ओढून घेणे ही अगदी सहज होणारी, परंतु घातक चूक होय. आत घेण्यापेक्षा ते बंद करावे. पावसाळ्यात वापर होणारच असेल तर चारही बाजू मोकळ्या असलेले, उंच, न पेटणाऱ्या पत्र्याचे छप्पर इमारतीपासून दूर आधीच उभारून ठेवावे.

एखाद्या ठिकाणी जनित्र चालू असता एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर अन्नातून बाधा झाली असावी असा तर्क करीत बसू नये. सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, शक्य असल्यास यंत्र बंद करावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वायू कोंडलेल्या खोलीत एकट्याने शिरून स्वतःही आत पडण्याचा धोका असतो. दारे-खिडक्या बाहेरून उघडून, दुसऱ्यास सांगूनच मदतीस जावे. रुग्णाला बरे वाटू लागले तरी वैद्यकीय तपासणी टाळू नये.

दुसरा प्रश्न : यंत्रात काय व कसे भरावे ?

प्रथम तेल पाहावे. फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल स्वतंत्र असते. यंत्र सपाट जागी ठेवून, ते बंद व थंड असताना, तेलाच्या झाकणाची पट्टी पुसून आत घालावी आणि तेलाची खूण पाहावी. तेल कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल खुणेपर्यंत भरावे. जास्त तेलही हानिकारकच असते. पुष्कळशा नव्या यंत्रांत तेल कमी झाल्यास इंजिन आपोआप बंद करणारी योजना असते. यंत्र सुरूच होत नसेल तर कित्येकदा कारण एवढेच असते. काही लहान टू-स्ट्रोक यंत्रांत मात्र तेल पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे याची खात्री केल्यावाचून काहीही भरू नये.

यानंतर पेट्रोल. पेट्रोल हे रॉकेलसारखे नव्हे. शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस इतक्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ त्यातून निघते. मग विदर्भातील उन्हाळ्यात काय होत असेल याची कल्पना करावी. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि काही अंतरावरील चुलीपर्यंत वा विडीच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोहोचते. आग तेथे लागते आणि क्षणार्धात परत टाकीपर्यंत येते.

म्हणून पेट्रोल भरताना पुढील क्रम पाळावा.

(१) यंत्र बंद असावे आणि थंड झालेले असावे. चालू यंत्रात ‘थोडेसेच’ पेट्रोल ओतणे हे आगीस आमंत्रण होय. कार्यक्रम मध्येच थांबला तरी चालेल, परंतु यंत्र बंद करून निदान १५ मिनिटे थांबल्यावाचून टाकीचे झाकण उघडू नये. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या आरंभी टाकीत पुरेसे पेट्रोल आहे हे पाहणे शहाणपणाचे.

(२) भरण्याचे काम दिवसाउजेडी, उघड्यावर करावे. अंधारात भरणे भागच पडले तर बॅटरीचा दिवा वापरावा. कंदील, मेणबत्ती, आगपेटी जवळ आणू नये.

(३) जाळीची नरसाळी वापरावी. टाकी काठोकाठ भरू नये. उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते, म्हणून गळ्याखाली सुमारे एक इंच जागा मोकळी ठेवावी. बाहेर सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे, ते फडके दूर उघड्यावर वाळत टाकावे, यंत्र काही पावले दूर न्यावे आणि वास पूर्ण गेल्यावरच ते सुरू करावे.

(४) पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत कधीही आणू वा ठेवू नये. अशी बाटली मुलाच्या हाती लागून ते पाणी समजून पिण्याचा धोका असतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्यावाचून जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या पात्रात. पात्र काचेचे वा चिनी मातीचे असेल तर त्याची मर्यादा एक लिटर, आणि धातूचे असेल तर २५ लिटर. शाळेत मात्र साठा करूच नये. लागेल तेवढेच आणावे आणि उरलेले परत पाठवावे.

(५) जवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्या. पेट्रोलाच्या आगीवर पाणी ओतल्यास पेटते पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरते. शाळेत कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे असेल तर ते हाताशी ठेवावे आणि ते चालविण्याची रीत निदान दोघांना ठाऊक असावी.

जुन्या पेट्रोलाविषयी एक सूचना करणे आवश्यक आहे. दोन-तीन महिने टाकीत राहिलेले पेट्रोल खराब होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरते. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असल्याने ते हवेतील ओलही शोषून घेते. म्हणून यंत्र बराच काळ ठेवून द्यावयाचे असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. प्रजासत्ताकदिनी वापरलेले यंत्र थेट स्वातंत्र्यदिनी बाहेर काढले आणि ते सुरू झाले नाही, तर दोष यंत्राचा नव्हे.

तिसरा प्रश्न : तार कोठे जोडावी ?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथील चुकीची शिक्षा चूक करणाऱ्याला न होता दुसऱ्याच कोणाला होते.

काही ठिकाणी दोन्ही टोकांस पिना असलेली एक तार तयार करतात. तिचे एक टोक जनित्रात आणि दुसरे भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचले की सगळ्या खोल्यांतील दिवे लागतात. ही युक्ती सोपी वाटते, परंतु ती प्राणघातक आहे. अशा वेळी जनित्राची वीज शाळेपुरती राहत नाही. ती मीटरमधून उलट दिशेने खांबावरील तारेत जाते आणि तेथून रोहित्रापर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, पोहोचते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. जे रोहित्र ११,००० व्होल्टांची वीज कमी दाबाची करून गावाला देते, तेच उलट बाजूने आलेली २३० व्होल्टांची वीज पुन्हा हजारो व्होल्टांपर्यंत चढविते.

आता डोळ्यांपुढे आणावे की, वादळाने तुटलेली तार जोडण्यासाठी वायरमन खांबावर चढला आहे. उपकेंद्रातून वीज बंद केल्याची खात्री त्याने करून घेतली आहे. ती तार आपल्या शाळेतील जनित्राने सजीव केली आहे, हे त्याला कसे कळावे ? एवढे लहान यंत्र सगळ्या गावाचा भार पेलणार नाही, ते बंदच पडेल, असा भरवसा कोणी धरू नये. तार तुटल्यामुळे गावाचा बाकीचा भार सुटलेला असेल, तर लहानसे जनित्रही त्या तुकड्यात वीज खेळती ठेवू शकते. याशिवाय अशा तारेचे एक टोक निसटले तर उघड्या पिनांत वीज असते, आणि मूळ पुरवठा अचानक परत आला तर जनित्र व घरातील तारा दोन्ही जळतात.

म्हणून जोडणीचे दोनच मार्ग योग्य होत. पहिला मार्ग म्हणजे उपकरणे जनित्राच्याच सॉकेटला स्वतंत्र तारेने जोडणे. भिंतीतील तारांशी या जोडणीचा काहीही संबंध येऊ नये. दुसरा मार्ग म्हणजे परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराकडून चेंज-ओव्हर स्विच बसवून घेणे. हा स्विच एका वेळी एकाच बाजूस जोडला जातो. एक तर महावितरणची वीज, नाही तर जनित्राची. दोन्हींची गाठ पडणे त्यात शक्यच नसते. असा स्विच नसेल तर पहिला मार्गच पत्करावा. दोन्ही टोकांस पिना असलेली तार शाळेत आढळली तर ती लपवून ठेवू नये, कापून टाकावी.

स्वतंत्र तार तीन पदरी व अखंड असावी. २० ते ३० मीटर अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. पातळ तार तापते, आणि गुंडाळी न उलगडता वापरलेली तार अधिकच तापते. जोड उघडे नसावे. तार रस्त्यावरून, पाण्यातून वा दाराच्या फटीतून चेपून नेऊ नये. यंत्राच्या सांगाड्यावर भूसंपर्कासाठी, म्हणजे अर्थिंगसाठी, स्क्रू असतो. त्याची जोडणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जाणकाराकडून करून घ्यावी. ओल्या हातांनी किंवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून सॉकेटला स्पर्श करू नये.

चौथा प्रश्न : भार किती ?

हा प्रश्न शिक्षकांच्या हातचा आहे, कारण तो शुद्ध अंकगणिताचा आहे. यंत्रावरील पत्र्याच्या पट्टीवर त्याची क्षमता लिहिलेली असते. तिचा पुरता उपयोग न करता सुमारे चार पंचमांश भागच वापरावा. उदाहरणार्थ, यंत्र २,००० वॅटचे असेल तर सतत भार १,६०० वॅटच्या आत ठेवावा.

समजा, शाळेत ९ वॅटचे १० दिवे, ७५ वॅटचे ४ पंखे, १०० वॅटचा एक दूरदर्शन संच, १५० वॅटचा एक संगणक आणि २५० वॅटचा ध्वनिक्षेपक आहे. एकूण भार ९० + ३०० + १०० + १५० + २५०, म्हणजे ८९० वॅट झाला. यंत्र हा भार सुखाने पेलील. आता याच यंत्रावर एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप लावावयाचा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. बेरीज १,६३६ होते आणि ‘थोडीच तर जास्त आहे’ असे वाटते. परंतु मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या तिप्पट वा त्याहूनही अधिक शक्ती ओढते. ७४६ ची तिप्पट २,२३८ होते. म्हणजे हे यंत्र एकट्या पंपालाही सुरू करू शकणार नाही. दिव्यांना पुरणारे जनित्र पंपाला का पुरत नाही, याचे उत्तर या गुणाकारात आहे. पाचव्या इयत्तेपासूनच्या मुलांना हे उदाहरण घालावे. आपल्या शाळेतील उपकरणांवरील वॅटचे आकडे त्यांनी स्वतः वाचून आणावे.

आता दोरी

चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे यंत्र सुरू करावे. क्रम असा :

(१) सर्व उपकरणांच्या तारा काढून ठेवाव्या किंवा यंत्रावरील मुख्य स्विच बंद ठेवावा. भार जोडलेला असताना यंत्र सुरू करू नये.

(२) हवेच्या जाळीवर धूळ वा कचरा नाही, प्लगची टोपी घट्ट बसली आहे आणि कोठे पेट्रोल गळत नाही, हे पाहावे. टाकीच्या झाकणाला हवेचे छिद्र वा खटका असल्यास तो उघडावा.

(३) पेट्रोलचा कॉक उघडावा. इंजिन थंड असेल तर चोक लावावा. नुकतेच बंद केलेले गरम इंजिन असेल तर चोकची गरज नसते. मग इंजिनाचा स्विच चालू करावा.

(४) एक हात यंत्राच्या दांड्यावर ठेवून दोरी प्रथम हळू ओढावी. अडखळल्यासारखे वाटले की ती परत जाऊ द्यावी आणि मग एकदम सरळ ओढावी. मूठ हातातून सोडून देऊ नये, दोरी हातानेच परत जाऊ द्यावी. मागे कोणी उभे नाही हे आधी पाहावे. ओढणाऱ्याचा कोपर मागच्याच्या तोंडावर बसू शकतो. पदर, उपरणे, मफलर आवरून घ्यावे.

(५) इंजिन सुरू झाले की चोक हळूहळू काढावा आणि दोन-तीन मिनिटे ते रिकामे चालू द्यावे. आवाज एकसारखा झाल्यावर उपकरणे एकेक करून जोडावी, प्रथम मोठी व मोटारीची, मग लहान.

पाच-सहा वेळा ओढूनही यंत्र सुरू न झाल्यास चिडून ओढत राहू नये. स्विच, कॉक, तेल व चोक पुन्हा पाहावे. पेट्रोलाचा उग्र वास येत असेल तर ते जास्त चढले आहे असे समजून चोक काढावा आणि काही मिनिटे थांबावे. ठिणगी पाहण्यासाठी प्लग काढून दोरी ओढण्याचा प्रयोग शाळेत करू नये. तो कारागिराचा विषय आहे.

बंद करतानाही क्रम असतो. आधी उपकरणे काढावी, दोन मिनिटे यंत्र रिकामे चालू द्यावे, मग स्विच बंद करावा आणि शेवटी कॉक बंद करावा. तापलेले यंत्र लगेच खोलीत वा वाहनात ठेवू नये.

शाळेतील व्यवस्था

यंत्र कोणी चालवावे हे आधीच ठरलेले असावे. ‘ज्याच्या हाताशी आले त्याने ओढले’ हा प्रकार बंद व्हावा. दोन प्रौढ व्यक्ती नेमून त्यांपैकी एकाने यंत्र चालू असेपर्यंत त्याच्याजवळ राहावे. विद्यार्थ्यांकडून पेट्रोल आणविणे, भरविणे वा दोरी ओढविणे सर्वथैव टाळावे, मग विद्यार्थी कितीही हुशार व उत्साही असो. भाड्याने आणलेल्या यंत्राबाबतही हीच जबाबदारी शाळेची राहते. भाडेकरी मंडपवाला जाणकार असेलच, असे मानून चालू नये.

तयारी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, उजेड असताना करावी. यंत्र एकदा सुरू करून, दहा मिनिटे चालवून बंद करावे. पाहुणे येऊन बसल्यावर, अंधारात, घाईने केलेली तयारी ही तयारी नव्हे.

विद्यार्थ्यांचा सहभाग सुरक्षित अंतरावरून घ्यावा. टेपने २० फूट मोजून यंत्राभोवती चुन्याची रेघ मारण्याची जागा त्यांनी आखावी. यंत्र सुरू होण्यापूर्वी ही आखणी पूर्ण व्हावी आणि नंतर रेघेच्या आत कोणी जाऊ नये. वॅटची बेरीज त्यांनी करावी. वारा कोणत्या दिशेचा आहे हे त्यांनी धूळ उडवून सांगावे.

आणखी एक गोष्ट झरी जामणीसारख्या तालुक्यात विशेष महत्त्वाची आहे. येथील अनेक मुलांची घरची भाषा कोलामी किंवा गोंडी असते, सीमेकडील काही घरांत तेलुगूही बोलली जाते. धोक्याची सूचना केवळ प्रमाण मराठीत फलकावर लिहून काम भागत नाही. ‘यंत्र घरात चालवू नका, त्याचा धूर दिसला नाही तरी मारतो’ हे एक वाक्य त्या त्या भाषेत वरच्या वर्गातील मुलांकडून किंवा पालकांकडून म्हणवून घ्यावे आणि लहान मुलांच्या तोंडी बसवावे. शेतावर वा लग्नमंडपात उद्या असेच यंत्र येईल, तेव्हा शिक्षक तेथे नसेल. परंतु ते वाक्य बोलणारे मूल तेथे असू शकेल.

भिंतीवर लावावयाचा तक्ता

१. उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून २० फूट दूर.
२. धूर माणसांकडे नको.
३. थंड व बंद यंत्रातच पेट्रोल.
४. भिंतीच्या सॉकेटमध्ये जनित्राची तार कधीही नाही.
५. भाराची बेरीज आधी, दोरी नंतर.
६. मुले रेघेबाहेर, जाणता माणूस यंत्राजवळ.

शिक्षकसभेत विचारासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत जनित्र ठेवण्यास योग्य जागा कोणती ? पावसाळ्यातही ती योग्य राहील काय ?
२. शाळेतील सर्व उपकरणांचा एकूण भार किती वॅट होतो ?
३. शाळेत चेंज-ओव्हर स्विच आहे काय ? नसल्यास जोडणी कशी केली जाते ?
४. जनित्र चालविण्यासाठी नेमलेल्या दोन व्यक्ती कोण ?

या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद जनित्राजवळच ठेवावा. ज्या शाळेला ही उत्तरे देता येत नाहीत, त्या शाळेने त्या दिवशी दोरी ओढू नये. कार्यक्रम उद्यावर ढकलता येतो आणि एक संध्याकाळ कंदिलाच्या उजेडातही पार पडते. जनित्राभोवती जमलेली सर्व मुले आणि खांबावर चढलेला वायरमन आपापल्या घरी सुखरूप पोहोचणे हेच या सर्व पूर्वतयारीचे प्रयोजन होय.